हिमशिखरांवरची पहाट कॅमेऱ्यात: नागपूरहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नागपूरच्या झिरो माईलपासून नकाशावर सरळ उत्तरेला रेघ ओढली, तर ती जवळजवळ केदारनाथवर जाऊन पोहोचते. दोन्ही ठिकाणं ७९ अंश पूर्व रेखांशाच्या अगदी लगत आहेत. फोटो काढणाऱ्याला याचा सरळ उपयोग होतो, कारण उत्तराखंडातल्या गढवाल-कुमाऊंमधला सूर्य आपल्या घड्याळापासून फार लांब जात नाही. डिसेंबरअखेर नागपुरात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो, कौसानीला त्यानंतर साधारण पाव तासाने. मे महिन्यात गणित उलटं होतं, तिकडे पाव तास आधी उगवतो. म्हणजे पहाटे किती वाजता उठायचं, कोणता उजेड किती वेळ टिकतो, याचा अंदाज आपल्या गच्चीवर उभं राहूनही बांधता येतो.

सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी आहे: ऊन पडलेल्या बर्फाचा पांढरा रंग आणि त्यातला पोत हातचा जाऊ द्यायचा नाही. शिखर गुलाबी होतं, सोनेरी होतं, हे सगळं त्या पांढऱ्यावरच घडतं. तोच राखाडी झाला किंवा जळून कोरा झाला, तर फोटोत उरतो फक्त डोंगराचा आकार.

ठिकाण ठरवताना आधी दिशा बघा

बुकिंग करताना सगळे विचारतात, ‘खोलीतून डोंगर दिसतात का?’ तुम्ही आणखी एक प्रश्न विचारा: डोंगर कोणत्या दिशेला आहेत?

कौसानी नवशिक्यांसाठी सगळ्यांत सोपं. उंची सुमारे १,८९० मीटर, आणि शिखरांची रांग उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, म्हणजे शिखरांकडे तोंड करून उभं राहिलं की तो तुमच्या उजव्या खांद्यामागे असतो. त्रिशूल (७,१२० मीटर) आणि नंदादेवी (७,८१६ मीटर) यांच्यावर उजेड तिरका पडतो, प्रत्येक धारेची सावली शेजारच्या उतारावर येते आणि डोंगराला खोली मिळते. १९२९ मध्ये गांधीजी इथे राहिले होते. त्या जागेवरच्या अनासक्ती आश्रमाच्या अंगणातून ही रांग मोकळी दिसते. सेवाग्राम पाहिलेल्या माणसाला तिथली शांतता ओळखीची वाटेल, आणि ती मोडू नये एवढं भान आपण ठेवायला हवं. एक मात्र लक्षात असू द्या: शिखरं इथून सरळ रेषेत ५० ते ७० किलोमीटर लांब आहेत आणि खुद्द कौसानीत पायाखाली बर्फ क्वचितच असतं.

मुनस्यारीला पंचाचूली शिखरांची रांग पूर्वेकडे आहे. पहाटे सूर्य तिच्या मागून येतो, त्यामुळे सकाळी काळ्या आकृत्या आणि मागे पेटलेलं आकाश मिळतं. शिखरांच्या अंगावर रंग हवा असेल, तर तिथे संध्याकाळ गाठावी लागते. औलीचंही थोडं तसंच. डिसेंबर-जानेवारीत सूर्य साधारण नंदादेवीच्याच बाजूने वर येतो, म्हणून सकाळी नंदादेवीच्या मागे न लागता पाठ फिरवून समोरच्या उतारांवर, देवदारांवर, बर्फावरच्या लांब सावल्यांवर कॅमेरा रोखा. गुलमर्गला अफरवतचा डोंगर मैदानाच्या पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्याच्या अंगावर येतं. मात्र गुलमर्ग आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला असल्यामुळे जानेवारीत तिथे सूर्य साडेसातनंतर उगवतो. नागपूरच्या सवयीने सहाला बाहेर पडलात तर नुसते कुडकुडत उभे राहाल.

घरबसल्या खात्री करायची असेल, तर संगणकावर गूगल अर्थ उघडा आणि त्यातला सूर्यप्रकाशाचा पर्याय चालू करा. तारीख आणि वेळ सरकवली की कोणत्या उतारावर कधी ऊन येतं ते दिसतं. मी नवीन ठिकाणी जाण्याआधी हे नेहमी करतो.

हंगामाबद्दल थोडक्यात. लांबची शिखरं स्वच्छ हवी असतील तर ऑक्टोबर ते डिसेंबर. पायाखाली बर्फ हवं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी, पण तेव्हा ढगांची तयारी ठेवावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी धुरकट हवेसाठी मन घट्ट करावं; मे-जूनमध्ये कुमाऊंत जंगलातल्या वणव्यांचा धूरही असतो. आणि पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यावरची पहिली उघडी सकाळ कोणत्याही महिन्यात सोडू नका. हवा धुतलेली असते.

बर्फ नसलेल्या गावात बर्फाचा सराव

सराव डोंगरावर जाऊन करायचा नसतो. तिथे दहा मिनिटांचा उजेड असतो आणि बोटं बधिर झालेली असतात. आपल्या विदर्भात बर्फ नाही, पण कापूस आहे, आणि कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला दोन्ही सारखेच चकवतात.

दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात किंवा गावाकडच्या नातेवाइकाच्या घरी कापसाची गंजी दिसली, की परवानगी घेऊन सकाळच्या पहिल्या उन्हात तिच्यासमोर उभे राहा. सूर्य बाजूने येईल असं बघा. फ्रेम पूर्ण कापसाने भरा आणि पहिला फोटो कॅमेऱ्याच्या मर्जीने काढा. कापूस मळकट राखाडी येईल. आता एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ किंवा गडद हवा ते सांगणारा +/− आकडा) +१ करा, मग +१.७, मग +२.७. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत पुंजके सुटे दिसू लागतील, त्यांच्यामधल्या निळसर सावल्या दिसतील, अडकलेल्या वाळक्या पातीचा चुरा दिसेल. शेवटच्या फोटोत उन्हाकडची बाजू सपाट पांढरी होऊन जाईल. तिथे धागा नाही, सावली नाही, काहीच नाही. कुठून कुठपर्यंत जायचं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बर्फासमोर हात आपोआप त्या आकड्यांवर जातो.

असं का होतं? समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे, म्हणजे त्यावर पडलेल्या उजेडापैकी १८ टक्क्यांच्या आसपास परत येतो, असं कॅमेऱ्याचं मीटर धरून चालतं. ताजं बर्फ ८० ते ९० टक्के उजेड परत पाठवतं. मीटरला वाटतं की उजेड फार झाला, आणि ते फोटो काळवंडवतं. हा फरक दोन स्टॉपच्या थोडा वर जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

शहरात राहून करायचं तर गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर चालते. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा पांढरा घुमट सूर्योदयाच्या वेळी बाहेरच्या रस्त्यावरून टिपून बघा. गोल पृष्ठावर उजेड हळूहळू सावलीत कसा उतरतो ते तिथे फार छान कळतं. आणि एकदा अंबाझरीच्या बांधावर सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जाऊन, कॅमेरा न काढता, नुसतं आकाश बघा. निळं, जांभळट, गुलाबी, मग पिवळं. हा क्रम हिमालयातही तोच असतो.

सामान

ट्रायपॉड लागेलच. किट लेन्स असू द्या, पण कौसानीसारख्या ठिकाणी १८-५५ मिमीच्या किट लेन्समध्ये शिखरांची रांग पांढऱ्या दोऱ्याएवढी दिसते. ७०-३०० मिमीसारखी एखादी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, मित्राकडून मागून घ्या किंवा भाड्याने घ्या. लांबच्या लेन्सने पहाटेच्या फोटोंत जी मजा आहे, ती वाइड लेन्समध्ये नाही, असं माझं ठाम मत आहे. बाकी दोन जादा बॅटऱ्या, लेन्स पुसायचं कापड, डोक्याला लावायची बॅटरी आणि एक मोठी झिपची प्लॅस्टिक पिशवी. पिशवीचं काम पुढे येईल.

कपड्यांत कसर करू नका. नागपुरातली ८-१० अंशांची थंडी म्हणजे तिथली दुपार. आत पातळ आणि वर जाड असे हातमोज्यांचे दोन जोड ठेवा, म्हणजे बटणं दाबताना हात उघडा पडणार नाही.

आदल्या संध्याकाळी

पोहोचल्याच्या दिवशी दमलेले असलात तरी उजेड असताना एक फेरी मारा. जिथून फोटो काढायचा ती जागा, तिथे जायची वाट, मध्ये येणाऱ्या विजेच्या तारा, सगळं तेव्हाच बघून ठेवा. पहाटेच्या अंधारात निसरड्या वाटेने जागा शोधत फिरणं धोक्याचं आहे. ताज्या बर्फाखाली उताराची कड कुठे संपते ते कळत नाही. हॉटेलवाल्या दाज्यूंना विचारा. कुमाऊंत मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, आणि कोणत्या वळणावर दव गोठून रस्ता काच होतो ते त्यांना पाठ असतं. २,५०० मीटरच्या वर मुक्काम असेल तर पहिला दिवस धावपळ टाळा, भरपूर पाणी प्या, आणि डोकं दुखून मळमळायला लागलं तर आणखी वर जाऊ नका.

मग खोलीत बसून कॅमेरा लावून ठेवा. रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल), आयएसओ १००, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा), छिद्र एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा ट्रायपॉडवर जाणार असेल तर स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद. जळालेले भाग लुकलुकून दाखवणारी सूचना मेन्यूत असते, ती चालू करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ‘डेलाइट’वर ठेवा. ऑटोला गुलाबी उजेड दोष वाटतो आणि तो धुऊन टाकायला बघतो. ज्या रंगासाठी तुम्ही हजार-दीड हजार किलोमीटर आलात, तोच जातो.

पहाट

सूर्योदय ७:०५ चा असेल तर ६:२० ला जागेवर उभं असायला हवं.

ट्रायपॉड बर्फात लावताना पाय पूर्ण फाकवून वरून दाबू नका. बर्फ खचतं आणि पाय वाकतात. थोडे मिटलेले ठेवून एकेक पाय खाली कडक लागेपर्यंत रोवा. हॉटेलच्या लाकडी गॅलरीत उभे असाल तर शेजारचे काका चहाचा कप घेऊन फिरले तरी फळी हलते, तेव्हा त्यांना नम्रपणे दोन मिनिटं थांबायला सांगा. समोर अस्पर्श बर्फ असेल तर फ्रेममध्ये येणाऱ्या भागात पाऊल टाकू नका, कडेने जा. उमटलेली पावलं पुसता येत नाहीत, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या फोटोग्राफरचाही फोटो जातो.

फोकस आत्ताच पक्का करा. बर्फाच्या सपाट उतारावर ऑटोफोकस भरकटतो, म्हणून शिखराची कड आणि आकाश जिथे भेटतात तिथे नेम धरा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, तो भाग मोठा करून तपासा, आणि मग लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. रिंग अनंताच्या खुणेपर्यंत फिरवून सोडू नका. बऱ्याच लेन्स त्याच्याही पुढे जातात. झूम बदलला की पुन्हा तपासा.

६:४० ते ६:५५ हा निळा उजेड. सूर्य क्षितिजाखाली आहे, सावल्या नाहीत, बर्फ निळसर आणि मऊ दिसतं. शटर काही सेकंदांचं येईल, येऊ द्या. बरेच जण या वेळी गप्पा मारत असतात आणि मुख्य कार्यक्रमाची वाट बघतात. मला स्वतःला ही पंधरा मिनिटं सगळ्यांत जवळची वाटतात, कारण दरी आणि शिखर यांच्या उजेडात फार तफावत नसते आणि एकाच फोटोत दोन्ही नीट येतात.

मग पहिली ठिणगी. सात हजार मीटरच्या शिखराला तुमच्या आधी दहाएक मिनिटं सूर्य दिसतो, त्यामुळे जाहीर सूर्योदयाची वेळ व्हायच्या आतच टोकावर लालसर ठिपका येतो. तो उतरत येतो. उजेडाची रेघ कड्यावरून खाली सरकताना अक्षरशः दिसते: वर केशरी, खाली अजून निळं. हीच सीमा फ्रेममध्ये घ्या. शटर आता १/६० च्या पुढे पळालेलं असेल, म्हणूनच पूर्ण मॅन्युअलवर ठेवण्यापेक्षा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी बरी. रंग दहा-पंधरा मिनिटांत पिवळा होतो आणि मग पांढरा.

पांढरा कसा जपायचा

बर्फ म्हटलं की ‘प्लस एक करा’ हा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच बरोबर आहे. फ्रेममध्ये बर्फ किती आहे आणि अंधार किती आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

फ्रेम बर्फाने भरलेली असेल, जसं औलीचा उतार किंवा गुलमर्गचं मैदान, तर +१ ते +१.७ लावा; कापसावर हेच शिकलात. पण खाली काळी दरी, देवदारांचं रान आणि वर कोपऱ्यात एवढंसं पेटलेलं शिखर असेल, तर मीटर त्या अंधाराकडे बघून फोटो उजळवतं आणि शिखर जळून जातं. तिथे −१ किंवा त्याहूनही खाली जावं लागतं. गोंधळ टाळायचा तर फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारं स्पॉट मीटरिंग घ्या, मधला ठिपका ऊन पडलेल्या बर्फावर ठेवा, +१ लावा आणि एक्स्पोजर लॉक करा. मग फ्रेम हवी तशी जुळवा.

प्रत्येक बदलानंतर हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड किती ते दाखवणारा आलेख. तो उजवीकडे झुकलेला हवा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको. शक्य असेल तर लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख दाखवणारा पर्याय निवडा. केशरी उजेडात लाल रंगाचा आलेख आधी भिंतीला जाऊन आदळतो, आणि एकत्रित आलेख मात्र सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो. सूर्योदयाच्या फोटोत शिखराचं टोक प्लॅस्टिकसारखं सपाट केशरी दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दरी काळी राहिली तर? दोन स्टॉप कमी, बरोबर आणि दोन स्टॉप जास्त असे तीन फोटो काढून घरी एकत्र करता येतात, किंवा वरचा भाग गडद असलेला ग्रॅड फिल्टर लावता येतो. पण घाई करू नका. काळी दरी शिखराला उठाव देते. दरीत धुकं असेल तर ते स्वतःच निळसर उजेड धरून ठेवतं, मग काही करावंच लागत नाही. आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर मात्र पहाटे बॅगेतच राहू द्या. उंचावरचं आकाश आधीच गडद असतं, वाइड लेन्सवर तर त्यात एक काळा पट्टा उमटतो.

मोबाइलवाल्यांसाठी

आजचे मोबाइल हे काम छान करतात, फक्त त्यांच्या हाती सगळं सोपवू नका. ऊन पडलेल्या बर्फावर बोट दाबून ठेवा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर तिथेच लॉक होतं. मग बाजूची पट्टी वर-खाली करून बर्फात पोत दिसेल तिथे थांबा. डिजिटल झूम टाळा, टेलिफोटोची वेगळी लेन्स असेल तर तीच वापरा. मोबाइल कठड्यावर टेकवून टायमर लावला तर निळ्या उजेडातही फोटो स्थिर येतो.

थंडीपासून कॅमेरा, उन्हापासून डोळे

लिथियम बॅटरी गारठली की लवकर दम सोडते. जादा बॅटऱ्या बॅगेत न ठेवता स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. मेलेली वाटणारी बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते, ती फेकू नका. लेन्सवर फुंकर मारू नका, वाफ तिथेच गोठते.

सगळ्यांत मोठं नुकसान परत येताना होतं. गारठलेला कॅमेरा घेऊन थेट हीटरच्या खोलीत गेलात तर त्याच्यावर आणि आतही दव धरतं. बाहेरच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून घट्ट बंद करा आणि मगच आत या. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरेल. तास-दीड तास पिशवी उघडू नका. फोटो बघायची घाई झाली असेल तर कार्ड तुमच्याकडे आहेच.

ऊन वर आलं की गॉगल लावा. बर्फावरून परतणारे अतिनील किरण डोळे भाजतात. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून टेलिफोटोने सूर्याकडे कधीही बघू नका. वाटेतल्या लष्करी ठाण्यांचे फोटो काढू नयेत, हेही सोबतच्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

परतल्यावर

संगणकावर रॉ उघडलं की पहिलं काम पांढऱ्याचं. बर्फाचा सर्वांत उजळ भाग शंभर टक्क्यांना भिडू न देता थोडा खाली ठेवा, म्हणजे पोत टिकतो. सावल्यांमधला निळेपणा पुसून टाकू नका. सावलीतल्या बर्फावर आकाशाचा उजेड पडतो, तो निळाच असतो. धूसरपणा काढायची पट्टी जपून वापरा, जास्त ओढली की आकाश काळसर होतं आणि शिखरांभोवती कडा उमटते. घरच्या ग्रुपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक पोत आधी मरतो.

आणि एक तरी प्रिंट काढाच, १२ बाय १८ इंचांचा, मॅट कागदावर. स्टुडिओत देताना स्पष्ट सांगा की मशिनचं ऑटो करेक्शन बंद ठेवा. पांढरं जास्त दिसलं की ते मशिनही कॅमेऱ्याच्या मीटरसारखंच वागतं आणि बर्फ राखाडी करून देतं. मोठ्या प्रिंटआधी छोटा नमुना काढून घ्या, तो दारात उन्हात नेऊन बघा, आणि बर्फाच्या जागी कुठे कोरा कागद दिसत असेल तर तेवढा भाग गडद करूनच मोठा प्रिंट द्या.